भिंती नसलेली घरं

डासांसाठी धूर करायचाच असेल तर दिवस मावळल्यावर करा, तोवर मधमाश्या घरी परतलेल्या असतात, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. सल्ला खरा आहे. दिवसभर फुलांवर हिंडणारी माशी उन्हं कलली की परत फिरते, रात्र पेटीत नाहीतर ढोलीत काढते, तोवर हवेतले विषाचे थेंब विरून जातात आणि सकाळी ती पुन्हा कामाला लागते. अमेरिकेत याच्या पाहण्या झाल्या आहेत; रात्री आणि ठरलेल्या मात्रेत फवारलं तर पेटीतल्या वसाहतींना फारशी इजा झालेली आढळली नाही. पण हा सल्ला ज्या माशीकडे बघून दिला गेला ती पेटीत राहणारी, चार भिंती आणि वर झाकण असलेली माशी आहे. पुण्यात मान वर करून बघितलं तर जी दिसते आणि कुंपणात वाकून बघितलं तर जी सापडते, त्या दोन्ही माश्यांच्या घराला भिंती नाहीत.

आपल्याकडे मधमाश्या अनेक प्रकारच्या आहेत. सातेरी अंधाऱ्या जागी राहते. झाडाची ढोली, जुन्या वाड्याच्या भिंतीतलं भगदाड, कधी बंद पडलेल्या मीटरची पेटीही तिला चालते. पोया इवलीशी, डंख न करणारी. दगडविटांच्या फटीत राहते आणि दाराशी मेणाची बारीक नळी काढते. मेलीफेरा परदेशातून आणलेली, पेट्यांत पाळलेली. या तिघींना आडोसा असतो. आग्या आणि फुलोरी मात्र उघड्यावर संसार करतात.

आग्याचं मोहोळ पुणेकरांना नवं नाही. उंच पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांदीखाली, पाण्याच्या टाकीखाली, दहाव्या मजल्याच्या सज्ज्याला ते लटकलेलं असतं. लोक घाबरतात आणि त्यांचं घाबरणं वावगं नाही, कारण ही माशी चिडली की माणसाचा जीवही घेऊ शकते. पण लांबून, शांतपणे बघितलं तर कळतं की आपल्याला दिसतं ते पोळं नसतंच. दिसतात त्या पोळ्यावर थरावर थर लावून, एकमेकींच्या पायांत पाय अडकवून बसलेल्या माश्या. मेणाचं पोळं त्यांच्या आत असतं, त्यात अंडी, अळ्या, पराग, मध. ऊन, वारा, पाऊस, रात्रीचा गारठा सगळा या वरच्या थरांनी अंगावर घ्यायचा. माश्यांनी स्वतःच्या अंगाची करून पिल्लांवर घातलेली गोधडीच ती. गांधीलमाशी जवळ फिरकली की शेकडो जणी एकापाठोपाठ पोट उचलतात आणि सगळ्या मोहोळावरून एक लहर सरकत जाते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा कितीतरी वेळ गच्चीवरून हलले नव्हते.

आग्या फिरस्ती आहे. फुलोऱ्यामागे ती लांबलांब जाते आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच झाडाच्या त्याच फांदीवर येऊन बसते. कामकरी माशीचं आयुष्य थोडं. जी गेली ती बहुधा परत येत नाही, तरी फांदी तीच राहते. हे कसं घडतं याचा विचार करताना मला अजूनही नवल वाटतं.

फुलोरी याच्या अगदी उलट स्वभावाची. लहान, लाजरी, सहसा कोणाच्या वाटेला न जाणारी. तळहाताएवढं एकच पोळं झुडपाच्या डहाळीभोवती बांधते. मुंग्या चढू नयेत म्हणून डहाळीवर दोन्ही बाजूंना झाडाच्या चिकाचं कडं लावते आणि ते सुकलं की पुन्हा ताजं करते. पोळ्याचा माथा डहाळीवर थोडा सपाट असतो. चारा शोधून आलेली माशी तिथे नाचते, आणि नाचाची दिशा सरळ फुलांकडेच असते. आमच्या इमारतीला कोयनेलचं जुनं कुंपण आहे. पुण्याच्या जुन्या भागात कोयनेल सगळीकडे होती, आता तिच्या जागी पत्रे आणि फरशा आल्या. त्या कुंपणात, पार्किंगच्या बाजूला फुलोरीचं पोळं आहे, हे मला आमच्या माळीमामांनी दाखवलं. त्यांनी छाटणी करताना तेवढा भाग मुद्दाम सोडला होता.

आता संध्याकाळच्या धुराचा विचार या दोघींच्या बाजूने करून बघा. सूर्य मावळला की आग्याचं आणि फुलोरीचं सगळं कुटुंब हजर असतं. दिवसा निदान काही हजार माश्या वेताळ टेकडीवर नाहीतर विद्यापीठाच्या आवारात असत्या आणि वाचल्या असत्या. उंच झाडावरच्या मोहोळापर्यंत धूर विरळ होऊन पोचतो हे मान्य. पण सज्ज्याला लागलेल्या मोहोळाचं काय, आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, ऐन कुंपणात असलेल्या फुलोरीचं काय? पेटीतल्या माशीला वाचवणारी वेळ हिच्यासाठी नेमकी सगळ्यात वाईट वेळ ठरते.

आणि एवढं करून तो धूर डासापर्यंत पोचतो का?

धुराचं यंत्र कसं चालतं ते थोडं सांगते. मॅलॅथिऑनसारखं कीटकनाशक डिझेलमध्ये मिसळतात. ते तापलेल्या नळीतून बाहेर पडताना त्याची वाफ होते आणि थंड हवेत तिचे अतिसूक्ष्म थेंब होतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही ते बारीक असतात. ते तसे असावे लागतात, कारण त्यांनी हवेत तरंगत राहून उडत्या डासाला गाठायचं असतं. जिथे थेंब डासाला लागेल तिथेच काम. धूर विरला की परिणाम संपला. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काहीही होत नाही. आज रात्री धूर केला तर उद्या सकाळी कोषातून बाहेर पडणारा डास ताजातवाना असतो.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा डास एडीस इजिप्ती. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या आधी. विश्रांतीला त्याला घराच्या आतला अंधार लागतो. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांत तो बसलेला असतो. म्हणून बाहेर धूर होत असेल तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवा, धूर आत येऊ द्या, अशी सूचना असते. प्रत्यक्षात यंत्राचा फटफट आवाज कानावर आला की पहिलं काम काय होतं, हे पुण्यातल्या कुठल्याही घरात विचारा. खडाखड खिडक्या बंद होतात. घरात तान्हं बाळ असतं, दम्याचे आजोबा असतात, ओट्यावर उघडं अन्न असतं. डिझेलचा धूर कोण आत घेईल? मीही घेणार नाही. मग डास आत राहतो, धूर बाहेर राहतो, आणि बाहेर त्या वेळी कुंपणात फुलोरी असते.

हे लिहिताना मला डेंग्यूची भीती कमी लेखायची नाही. माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला होता तेव्हा त्याला डेंग्यू झाला. आधी ताप, मग डोळ्यांमागे अशी कळ की तो दिव्याकडे बघेना. मग रोज रक्त तपासणं, प्लेटलेटचे आकडे फोनवर कळवणं, नातेवाइकांनी पपईच्या पानांचा रस पाठवणं. या तापावर थेट औषध नाही. भरपूर पाणी आणि क्षार, तापासाठी पॅरासिटॅमॉल, ॲस्पिरिन अजिबात नाही, आणि अष्टौप्रहर लक्ष, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. ताप उतरल्यावरचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, हे तेव्हा आम्हाला कळलं. माझी बहीण त्याच्या उशाशी बसून होती. मी तिला मधमाश्यांबद्दल काही सांगायला गेले असते तर तिने मला खोलीबाहेर काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. "सगळ्या शहरात धूर करा, मला काही ऐकायचं नाही," असं ती एकदा म्हणालीच. आजारी मुलाच्या आईचं ते वाक्य मी विसरलेली नाही. या विषयावर बोलताना मी पहिल्यांदा तिला डोळ्यांसमोर आणते.

फवारणीने माणसं वाचली आहेत हेही मला ठाऊक आहे. माझी आई जुन्नरकडची. तिच्या लहानपणी हिवतापाची फवारणी करायला माणसं गावात यायची, घरातल्या भिंतींवर डीडीटीचा पांढरा थर चढायचा आणि दारावर तारीख लिहून ती पुढे जायची. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत होता आणि सुमारे ८ लाख माणसं त्याने मरत होती. १९६५ पर्यंत रुग्ण १ लाखाच्या आसपास आले. एवढं मोठं यश कुठल्या आजाराविरुद्ध क्वचितच मिळालं असेल. ते का मिळालं, तर हिवतापाचा डास माणसाला चावल्यावर घरातल्या भिंतीवर जाऊन बसतो आणि विष नेमकं त्याच भिंतीवर लावलेलं होतं. पुढे डासांना डीडीटीची सवय झाली, कामही ढिलं पडलं, आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. विष कुठे लावायचं याचा नेम धरला होता तोवर ते चाललं. रस्त्यावरच्या धुराला असा नेमच नाही. माझा विरोध त्या बिननेमाच्या धुराला आहे.

२०२४च्या जूनमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि सुरुवात आमच्या एरंडवण्यातूनच झाली. त्याआधी २०२१ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला होता, पण ते लांबचं वाटलं होतं. आता आजार गल्लीत आला. झिका गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, हे सगळ्यांनी वाचलेलं. आमच्या इमारतीत तेव्हा दोघी गरोदर होत्या. सोसायटीने एका खासगी कंत्राटदाराला दर आठवड्याला धूर करायला सांगितलं. त्या बैठकीत कोणी हात वर केला नसता तरच नवल.

यंत्र घेऊन येणारा मुलगा विशीतला असेल. नाकाला नुसता हातरुमाल बांधलेला. मला आधी त्याचीच काळजी वाटली, कारण मॅलॅथिऑन कीटकाच्या ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बंद पाडतं तेच विकर माणसाच्या मज्जातंतूंमध्येही असतं. माणसाला मात्रा जास्त लागते एवढाच फरक, आणि हा मुलगा दिवसाला कितीतरी इमारतींतून ती मात्रा नाकावाटे घेत होता. मी त्याला पाणी दिलं, जाड मास्क मागून घे म्हटलं. तो हसला. यंत्राचं तोंड त्याने कुंपणात घातलं तेव्हा मी त्याला थांबवलं. "डास झाडीतच बसतात, ताई," तो म्हणाला. काही डास बसतातही, गटारातले, सांडपाण्यातले. मी त्याला फुलोरीची जागा दाखवली, तेवढा भाग त्याने सोडला. पुढच्या आठवड्यात दुसराच मुलगा आला आणि तेव्हा मी घरी नव्हते.

सकाळी फरशीवर माश्या पडलेल्या होत्या. मेलेल्यांपेक्षा न मेलेल्यांकडे बघवत नव्हतं. पाठीवर पडून पाय झाडत होत्या, एकाच जागी गोल गोल फिरत होत्या, काहींची सोंड बाहेर आलेली आणि आत जात नव्हती. पोळ्यावरचा माश्यांचा पडदा गळून पडल्याने आतलं मेण उघडं पडलं होतं, आणि बंद केलेल्या घरांवर, म्हणजे आतल्या पिल्लांवर, मोजक्या माश्या अजून चिकटून होत्या. एक दयाळ फरशीवर उतरून त्या माश्या टिपायला लागला. त्याला मी हुसकावलं आणि माळीमामांनी झाडून सगळ्या माश्या खड्ड्यात पुरल्या. पुढच्या काही दिवसांत चिकाचं कडं सुकलं, ते ताजं करायला कोणी उरलं नव्हतं, आणि डहाळीवरून मुंग्या पोळ्यात शिरल्या.

माश्यांना धूर नवा नाही. वणव्याशी त्यांची ओळख फार जुनी आहे. धुराचा वास आला की त्या मधाच्या घरांकडे धावतात आणि पोटात मावेल तेवढा मध भरून घेतात, कारण घर सोडून पळायची वेळ आली तर नव्या जागी पोळं बांधायला तोच कामाला येणार. मध काढणारे ठाकर, कातकरी, महादेव कोळी हे जाणतात. ते आधी धूर करतात तो याचसाठी. आमच्या कुंपणातल्या माश्यांनीही त्या संध्याकाळी हेच केलं असणार. जगण्याची जी तयारी त्यांना लाखो वर्षांनी शिकवली, तिचा या धुरापुढे काहीच उपयोग नव्हता, हा विचार मला त्या पडलेल्या माश्यांपेक्षाही जास्त छळतो.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. २००६ साली मधमाशीचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला. त्यात दिसलं की शरीरात शिरलेल्या विषाचा निचरा करणारी विकरं तयार करणारी जनुकं मधमाशीत फार कमी आहेत. डासांच्या मानाने जवळपास निम्मी. तिला त्यांची गरज पडली नसावी. ती पानं कुरतडत नाही, कुजकं खात नाही. फुलं तिला स्वतःहून बोलावतात आणि गोड देतात. डासाच्या अळ्या घाण पाण्यात, नाना प्रकारच्या रसायनांत वाढतात. त्यामुळे एकच विष दोघांवर पडलं तर तग धरण्याची शक्यता डासाची अधिक. शिवाय डासाची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. विषाला पुरून उरलेल्यांची संतती लगेच वाढते. वसाहतीत अंडी घालणारी राणी एकच. ती आणि तिची पिल्लं सांभाळणाऱ्या माश्या गेल्या की हिशेब तिथेच संपतो.

झिकाच्या भीतीतून मधमाश्यांचा मोठा संहार आधी अमेरिकेत झाला. साउथ कॅरोलायना राज्यातल्या डॉर्चेस्टर काउंटीत २८ ऑगस्ट २०१६ या रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान विमानातून नालेड हे कीटकनाशक फवारलं गेलं. तिथे झिकाचे चार रुग्ण होते, चौघंही प्रवासातून लागण घेऊन आलेले. फवारणीची वेळ सकाळची, उन्हाळ्याचे दिवस, माश्या बाहेर पडलेल्या. समरव्हिल गावातल्या एकाच मधपाळाच्या ४६ पेट्या गेल्या, म्हणजे अंदाजे २५ लाख माश्या. एरवी तिथे गाडीने रात्री फवारणी व्हायची आणि नोंदणी केलेल्या मधपाळांना आधी कळवलं जायचं. या वेळी विमान होतं आणि निरोप सगळ्यांपर्यंत पोचला नाही. काउंटीने नंतर माफी मागितली. मला या घटनेत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथल्या माश्यांचा हिशेब लागला, कारण त्या कोणाच्या तरी होत्या. पेट्या मोजता आल्या, नुकसान सांगता आलं, माफी मागायला समोर माणूस होतं. आमची फुलोरी कोणाचीच नव्हती. पुण्यात एका पावसाळ्यात अशी किती पोळी जातात हे कुणाच्याच वहीत नाही.

आणि हे त्या शहरात, जिथे गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमक्षिका संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे आणि १९५२ साली सुरू झालेली, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्थाही आहे. माशी जाणणारी माणसं इथे, डासातून येणारा विषाणू जाणणारी माणसंही इथेच. देशात आणखी कुठल्या शहराला हे भाग्य लाभलं असेल असं मला वाटत नाही. तरी आमच्या पार्किंगमध्ये यंत्राचं तोंड कुठे वळवायचं हे हातरुमाल बांधलेल्या मुलावर सोडलेलं असतं.

नदीचा विषयही यातच येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर किड्यांच्या थव्यांचे उंच खांब उठले, लोकांनी त्याला डासांचं वादळ म्हटलं, चित्रफिती देशभर फिरल्या. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी भरलेल्या नदीत क्युलेक्स डास वाढतो. तो रात्री चावतो, झोप उडवतो, पण डेंग्यू त्याच्यामुळे होत नाही. लोकांना हा फरक माहीत नसतो आणि सांगायलाही कोणी जात नाही. नदीकाठच्या माणसांचा संताप खरा आहे. त्याला उत्तर म्हणून आणखी धूर होतो, आणि नदीत सांडपाणी येतच राहतं.

डेंग्यूचा डास नदीतून येत नाही, तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यातून येतो. फ्रिजच्या मागच्या बाजूचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचं टायर, एसीचं ठिबकणारं पाणी. एरंडवण्यात सध्या प्रत्येक गल्लीत एखाद्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास चाललेला आहे. तिथे लिफ्टच्या खड्ड्यात आणि नव्या स्लॅबवर पाणी साठून राहतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कड घासावी लागते. आठवड्यातून एकदा घासली तर अळीचा डास होऊच शकत नाही. जिथे पाणी काढता येत नाही तिथे गप्पी मासे सोडता येतात, किंवा बीटीआय नावाचा जिवाणू वापरता येतो. तो १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला, डासाच्या अळ्यांना मारतो आणि मधमाशीला त्याचा त्रास होत नाही. रुग्ण सापडलाच तर त्याच्या आणि शेजारच्या घरांत, आत, पायरेथ्रमची फवारणी करायची असते. २ टक्क्यांचा अर्क एक भाग आणि रॉकेल एकोणीस भाग, पलंगाखाली, कपाटामागे. पायरेथ्रमही मधमाशीला घातकच, पण बंद खोलीत, डास बसतो तिथे मारलेलं, आणि काही तासांत निष्प्रभ होणारं. डीडीटीच्या काळात जो नेम होता तो इथे आहे.

मी हे सोसायटीच्या बैठकीत मांडलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "तुमच्या माश्या वाचतील, माझ्या नातीला ताप आला तर?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना माझ्या भाच्याचं सगळं सांगितलं. धूर चालू असतानाही आमच्या इमारतीत डेंग्यूचा रुग्ण निघाला होता, याची आठवण दुसऱ्या एका काकूंनी करून दिली. माझ्या भाषणापेक्षा तिचा परिणाम जास्त झाला. शेवटी ठरलं ते असं: दर आठवड्याचा धूर बंद, गुरुवार हा कोरडा दिवस, प्रत्येक मजल्यावरच्या एकीने बॅटरी आणि ब्रश घेऊन घरं बघायची, रुग्ण निघाला तर आरोग्य खात्याला कळवून आतली फवारणी करून घ्यायची. आणि कधी बाहेर धूर करावाच लागला तर आदल्या दिवशी फलकावर लिहायचं. मागच्या गल्लीत एकांनी गच्चीवर सातेरीच्या पेट्या ठेवल्या आहेत. त्यांना वेळेत कळलं तर ते रात्रीपुरतं पेट्यांवर ओलं पोतं टाकू शकतात. आग्यावर पोतं टाकता येत नाही. ती येते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस ओसरल्यावर, आणि डेंग्यूचे रुग्णही त्याच सुमारास जास्त असतात. त्या दोन महिन्यांत तरी तिच्या झाडाखाली यंत्र नेऊ नये, एवढं मी बैठकीच्या नोंदीत लिहून घेतलं.

काकांच्या फ्रिजच्या ट्रेमध्ये पहिल्याच गुरुवारी अळ्या निघाल्या. त्या बॅटरीच्या उजेडात नातीनेच पाहिल्या. आता ट्रे घासायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे.

शेजारच्या इमारतीत मात्र अजून दर आठवड्याला धूर होतो, आणि मधली भिंत डोक्याएवढीही उंच नाही. त्यांच्या सेक्रेटरींशी मी बोलले. "धूर बंद केला आणि कोणी आजारी पडलं तर लोक मला धरतील," ते म्हणाले. त्यांची अडचण खरी आहे. धूर सगळ्यांना दिसतो, घासलेली बशी कोणाला दिसत नाही. आमच्याकडच्या बायकांनी त्यांच्याकडेही गुरुवारी येऊन घरं बघायची तयारी दाखवली आहे. तळमजला आणि गच्ची बघायला ते हो म्हणाले आहेत. वरच्या मजल्यांचं त्यांच्या वार्षिक सभेत ठरेल, आणि तोवर निदान भिंतीलगतच्या पट्ट्यात यंत्र फिरवू नका, हे त्यांनी कंत्राटदाराला माझ्यासमोर फोनवर सांगितलं.